फाईल हलवली म्हणजे नक्की काय केलं?

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. मधले काही आठवडे एका लहानशा कामात गेले. काम काय, तर चार वाक्यं लिहायची. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटला फायली एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता याव्यात म्हणून आमच्याकडे एक अवजार तयार झालं, आणि त्याचं वर्णन लिहायचं काम माझ्याकडे आलं. एजंट म्हणजे काय हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: भाषेचं एक मॉडेल, ज्याच्या हाती काही अवजारं दिलेली असतात. तुम्ही त्याला काम सांगायचं, कुठलं अवजार कधी वापरायचं ते तो ठरवतो, आलेला निकाल वाचतो आणि पुढचं पाऊल टाकतो. आता अवजाराचं वर्णन वाचणारा तोच.

"फाईल हलवते." झालं की! असं मलाही पहिल्या दिवशी वाटलं. आपल्याकडे तर 'फाईल हलवणे' या शब्दांना स्वतःचाच एक इतिहास आहे. कचेरीत फाईल आपणहून हलत नाही, ती हलवावी लागते, आणि ती कशाने हलते हे मी तुम्हाला सांगायला नको. संगणकातली फाईल त्या मानाने गुणी. दोन अक्षरं टाइप केली की हलते. पण ती हलते म्हणजे नेमकं काय होतं, हे लिहायला बसलो आणि थेट १९७१ सालात जाऊन पोचलो.

३ नोव्हेंबर १९७१ ही युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवरची तारीख. लेखक केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची, जागा न्यू जर्सीतल्या मरे हिल इथली बेल लॅब्स. प्रत्येक आज्ञेला एखादं पान: नाव, ती कशी लिहायची, ती काय करते, आणि शेवटी 'बग्ज' नावाचा एक भाग, म्हणजे या आज्ञेत काय बिघाड किंवा उणीव आहे ते लेखकांनीच लिहून ठेवलेलं. आपल्या मालातली खोट आपणच छापायची, ही पद्धत मला फार आवडते. याच मॅन्युअलात 'एमव्ही' ही आज्ञा आहे. मूव्ह या शब्दातली दोन अक्षरं तेवढी ठेवलेली. तेव्हाचं टेलीटाइप यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापायचं, त्यामुळे प्रत्येक अक्षराची किंमत होती.

शब्दांच्या या काटकसरीमागे आणखी एक कारण दिसतं. ही पानं वाचणारे लोक मूठभर होते आणि बहुतेक त्याच इमारतीत बसत होते. काही कळलं नाही तर शेजारच्या खोलीत जाऊन लिहिणाऱ्यालाच विचारता येत होतं. मॅन्युअल ही त्या संभाषणाची फक्त अर्धी बाजू होती.

आता गंमत पाहा. एमव्ही फाईल हलवत नव्हतीच. युनिक्समध्ये फाईलचा मजकूर एका जागी असतो आणि तिचं नाव दुसऱ्या जागी, फोल्डरच्या यादीत. जुन्या कचेरीतल्या बारनिशीसारखं समजा. बारनिशीत नोंद, कपाटात गठ्ठा. एमव्ही गठ्ठ्याला हात लावत नसे. ती नव्या नावाची नोंद करायची (याला 'लिंक' म्हणतात) आणि मग जुनी नोंद खोडायची ('अनलिंक'). त्यामुळे प्रचंड मोठी फाईलसुद्धा क्षणात 'हलायची'.

पण नव्या नावाची फाईल तिथे आधीच असेल तर? मग तीन पावलं: तिथली जुनी नोंद खोडा, नवी करा, मूळची खोडा. आणि या तीन पावलांच्या मधेच वीज गेली तर? बर्कली विद्यापीठातल्या लोकांना हा प्रश्न छळत होता. त्यांनी १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत 'रीनेम' नावाची एकच नवी सोय आणली, जी हे सगळं एका दमात करते. मार्शल कर्क मॅक्युझिक आणि सहकाऱ्यांच्या १९८४ च्या निबंधात त्याचं कारण स्पष्ट दिलं आहे: जुन्या पद्धतीत मधेच संगणक कोलमडला तर फाईल नुसत्या तात्पुरत्या नावाने उरायची. म्हणजे एमव्ही आल्यावर तब्बल बारा वर्षांनी 'हलवणे' ही खऱ्या अर्थाने एक क्रिया झाली.

तीही एकाच डिस्कवर. दुसऱ्या डिस्कवर न्यायची असेल तर नोंद बदलून भागत नाही, गठ्ठाच उचलावा लागतो. मग एमव्ही गुपचूप नक्कल करते आणि मूळ प्रत पुसते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलात 'बग्ज'खाली हे नोंदवलेलं आहे: अशा वेळी फाईलचा मालक बदलून नक्कल करणारा मालक होतो, आणि त्या फाईलची इतर नावांशी असलेली नाती तुटतात. एका ओळीत केवढी माहिती! आज्ञा तीच, टाइप केलेली अक्षरं तीच, पण डिस्क कुठली यावरून काम वेगळं.

याहून मोठा घोळ पुढे आहे. 'एमव्ही अ ब' असं लिहिलं, तर याचा अर्थ काय? 'ब' नावाचा फोल्डर असेल तर 'अ' त्या फोल्डरात जाते. 'ब' नावाचं काहीच नसेल तर 'अ'चं नाव 'ब' होतं. 'ब' नावाची फाईल असेल तर ती जाते आणि तिच्या जागी 'अ' येते. एका वाक्याचे तीन अर्थ, आणि त्यातला कुठला लागू हे वाक्यात लिहिलेलंच नाही. त्या घडीला डिस्कवर काय आहे यावर ते अवलंबून. मराठीत आपण 'नाव बदलणे' आणि 'जागा बदलणे' हे निदान वेगळं बोलतो. युनिक्सने दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला आणि निवड परिस्थितीवर सोडली.

इतकी वर्षं हे चाललं कसं? कारण आज्ञा देणारा माणूस होता आणि त्याला डोळे होते. तो आधी यादी पाहायचा, मग एमव्ही लिहायचा, मग परत यादी पाहायचा. कुठेही न शिकवता लागलेली सवय ही. मॅन्युअलात जे लिहिलं नव्हतं ते या सवयीने भरून निघालं.

अवजारं बनवणाऱ्यांनीही माणूस समोर आहे असंच धरलं होतं. सातव्या आवृत्तीतली एमव्ही, समोरची फाईल लिहिण्यास मनाई असलेली निघाली, तर थांबून विचारायची. उत्तराची सुरुवात 'वाय' या अक्षराने झाली तरच पुढे जायची. पुढे पॉझिक्स प्रमाणकात या प्रश्नाला अट आली: समोर टर्मिनल असेल तर विचार. म्हणजे माणूस बसला असेल तर. नसेल तर न विचारता काम उरक.

डॉसवर वाढलेल्या आमच्या पिढीला आठवत असेल, कितीतरी वर्षं तिथे 'मूव्ह' नव्हतंच. आधी कॉपी, मग डिलीट. १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.० बरोबर मूव्ह आलं आणि ते समोरची फाईल न विचारता पुसायचं. त्याच वर्षी ६.२ आलं, त्यात ते विचारू लागलं. पण बॅच फाईलमधून चालवलं तर नाही! विंडोजच्या मूव्हच्या मदतपानावर आजही तेच आहे: एरवी विचारेन, बॅचमधून असेल तर विचारणार नाही. विचार केला तर यात तर्क आहे. बॅच फाईल माणसाने आधी नीट तपासून लिहिलेली असणार, मग रात्री दोन वाजता प्रश्न विचारून ती अडकवून ठेवायची कशाला?

थोडक्यात, जगात दोनच प्रकारचे आज्ञा देणारे होते. एक, समोर बसलेला माणूस, त्याला विचारा. दोन, माणसाने आधीच विचार करून लिहिलेला कार्यक्रम. त्याला विचारू नका. सगळी काळजी या दोघांत वाटली गेली होती.

एजंट या दोघांतही बसत नाही. तो ऐनवेळी ठरवतो, म्हणजे माणसासारखा. पण बहुतेक वेळा त्याच्यासमोर टर्मिनल नसतं, म्हणजे तो बॅच फाईलसारखा. अवजार त्याला कार्यक्रम समजतं आणि न विचारता पुसतं. कार्यक्रम तर कुणी तपासलेलाच नाही. तो आत्ता, या क्षणी, तयार होतोय.

२०२५ च्या जुलैत गूगलच्या जेमिनी सीएलआय या एजंटची एक हकिगत बरीच गाजली. एकाने विंडोजवर त्याला सांगितलं, या फोल्डरातलं सगळं एका नव्या फोल्डरात हलव. ज्याच्या फायली होत्या त्याने नंतर स्वतःच केलेल्या विश्लेषणानुसार, नवा फोल्डर तयार झालाच नव्हता, पण तो झाला असं एजंटने धरलं. मग फायली त्या नावाकडे हलवल्या. फोल्डर नसल्यामुळे ते नाव 'जागा' न राहता 'नाव' झालं. पहिल्या फाईलला ते नाव मिळालं, दुसरी तिच्यावर बसली, तिसरी दुसऱ्यावर. शेवटी उरली तर उरली एक. १९७१ पासून चालत आलेली ती दुहेरी अर्थाची फट. तिच्यात माणसं क्वचित पडायची, कारण ती मधेमधे खाली पाहायची.

(घरी कुणी करून पाहणार असेल तर सांगतो. एकाच आज्ञेत अनेक फायली दिल्या आणि शेवटचं नाव फोल्डरचं नसेल, तर एमव्ही चूक दाखवून थांबते. पण एकेक फाईल वेगवेगळ्या आज्ञेने पाठवली तर ती शांतपणे एकीवर एक चढवते. जीएनयूच्या एमव्हीत यावर उतारा आहे: 'टी' हा पर्याय मोठ्या अक्षरात दिला तर दुसरं नाव हे नावच समजलं जातं, लहान अक्षरात दिला तर फोल्डर समजला जातो, आणि तो नसेल तर काम होत नाही. पण किती जणांनी तो कधी वापरलाय?)

आता अवजाराच्या वर्णनाकडे येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, जाहीर केला. अवजारं एजंटपर्यंत पोचवायची ही एक सामाईक पद्धत. तिच्यात अवजाराची ओळख मुख्यतः तीन गोष्टींनी होते: नाव, साध्या भाषेतलं वर्णन, आणि कुठली माहिती द्यायची त्याचा आराखडा. आतला कोड एजंटला सहसा दिसत नाही. शेजारच्या खोलीत जाऊन विचारण्याची सोय नाही. ते दोन-चार ओळींचं वर्णन, हेच त्याचं अख्खं मॅन्युअल.

या प्रोटोकॉलबरोबर नमुना म्हणून दिलेल्या फाईल-सर्व्हरमध्ये फाईल हलवायचं अवजार आहे. त्याच्या वर्णनात सांगितलं होतं की ठरल्या जागी आधीच काही असेल तर काम होणार नाही. वाचायला फार छान, नेमकं हवं तेच. पण सुरुवातीच्या आवृत्त्यांतला कोड पाहिला तर तो काम सरळ नोड या प्रणालीच्या 'रीनेम'कडे सोपवतो, आणि युनिक्सवर रीनेम समोरची फाईल बदलून टाकते. तेच ते १९८३ चं वरदान! तेव्हा एका दमात बदलणं हीच तर तिची खुबी होती. वर्णन एक सांगतं, यंत्र दुसरं करतं.

हे कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. 'रीनेम' या शब्दाचा इतिहासच असा आहे. १९८९ च्या सी भाषेच्या प्रमाणकाने नवं नाव आधीच वापरात असेल तर काय व्हावं हे प्रत्येक यंत्रावर सोडलं. पॉझिक्स म्हणतं बदला, विंडोजवरची सी म्हणते नको. पायथॉनमध्येही जुनी रीनेम विंडोजवर अडते आणि युनिक्सवर मुकाट्याने बदलते. म्हणून २०१२ च्या ३.३ आवृत्तीत 'रिप्लेस' हे वेगळं नाव द्यावं लागलं. 'आधीच असेल तर बदलू नको' हे एका दमात सांगायची सोय लिनक्समध्ये आली ती २०१४ साली. एवढं सगळं ज्या शब्दाच्या पोटात आहे, तो शब्द आपण एका ओळीच्या वर्णनात वापरतो.

माणसाच्या मॅन्युअलात चूक असली तर माणूस एकदा पोळतो आणि पुढे मॅन्युअलावर विश्वास ठेवत नाही. मग तो शेजाऱ्यालाही सांगतो. एजंट पुढच्या संभाषणात तेच वर्णन पुन्हा कोऱ्या मनाने वाचतो, आणि अगदी तसाच विश्वास ठेवतो. म्हणून वर्णनातली चूक ही आता कागदावरची चूक राहिलेली नाही. ती यंत्राच्या आतली चूक आहे. चाकाचा दाता तुटावा तशी.

तर मग मी काय लिहिलं? आधी प्रश्न मांडले आणि प्रत्येकाचं उत्तर अवजार चालवून पाहिलं, लिहिणाऱ्याच्या सांगण्यावर नाही. दुसरं नाव हे नेहमी पूर्ण नाव समजायचं की फोल्डर? आम्ही ठरवलं, नेहमी पूर्ण नाव. अंदाज करायचाच नाही. वरचा फोल्डर नसेल तर? काम होणार नाही, आणि फोल्डर आपोआप तयारही होणार नाही. तिथे आधीच काही असेल तर? काम होणार नाही. दुसऱ्या डिस्कवर? नक्कल करून मूळ पुसलं जाईल, वेळ लागेल, आणि मधेच तुटलं तर मूळ प्रत शाबूत राहील.

सर्वात जास्त वेळ खाल्ला तो एका प्रश्नाने, ज्याचा मॅन्युअल लिहिणाऱ्या जुन्या मंडळींना फारसा विचार करावा लागला नसेल. काम झालं, पण ते झाल्याचा निरोप एजंटपर्यंत पोचलाच नाही, तर? तो पुन्हा तीच आज्ञा देणार. आता मूळ जागी फाईल नाही. अवजार सांगणार, 'अशी फाईल नाही.' खरंच आहे ते, पण अर्धसत्य. हे वाचून एजंट फाईल हरवली असं धरू शकतो, आणि ती शोधायला किंवा चक्क नव्याने बनवायला निघू शकतो! म्हणून चुकीच्या निरोपातही आम्ही लिहिलं: मूळ जागी फाईल नाही, ठरल्या जागी त्याच नावाची फाईल आहे, ती आधीच हललेली असू शकते, काही करण्याआधी तपासा. चुकीचा निरोप हाही वर्णनाचाच भाग आहे, फक्त उशिरा वाचला जाणारा.

आणि काम झाल्यावर नुसतं 'झालं' म्हणायचं नाही. फाईल आता नेमकी कुठे आहे तो पूर्ण पत्ता परत द्यायचा. माणूस यादी पाहायचा, ते काम आता उत्तराने करायचं.

मार्च २०२५ च्या एमसीपीच्या आवृत्तीत अवजारावर खुणेच्या चिठ्ठ्या लावायची सोय आली: हे फक्त वाचतं का, हे काही नष्ट करू शकतं का, दोनदा केलं तर चालेल का. काही सांगितलं नसेल तर, बदल करणारं अवजार नष्ट करू शकतं असंच धरायचं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. त्याच प्रमाणकात हेही आहे की भरवशाच्या नसलेल्या सर्व्हरच्या या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवू नये. म्हणजे बघा, वर्णन खोटं असू शकतं हे आता नियमातच लिहावं लागलंय.

आमच्यात यावर थोडा वादही झाला. एक सहकारी म्हणाला, एवढं लांबण कशाला, मॉडेलं हुशार आहेत, त्यांना कळतं. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. प्रत्येक अवजाराचं वर्णन एजंटच्या मर्यादित जागेत बसवावं लागतं, आणि पाल्हाळ लावलं तर कामाची ओळ त्यात बुडते. टेलीटाइप गेलं तरी अक्षराची किंमत अजून आहेच. पण हुशारीने उणीव भरून निघते ती अंदाजाने, आणि मॉडेलचा अंदाज कशावर बेतलेला असणार? त्याने जे लाखो पानी वाचलंय त्यावर, म्हणजे एमव्हीच्या सवयींवर. आमचं अवजार एमव्हीपेक्षा जिथे जिथे वेगळं वागतं, नेमकं तिथेच त्याचा अंदाज चुकणार. मग शब्द खर्च करायचे ते तिथेच. बाकीचं कापलं.

चाराची शेवटी सात वाक्यं झाली. सातवं वाक्य 'बग्ज'चं. दुसऱ्या डिस्कवर हलवताना फाईलचा मालक बदलू शकतो, हे तिथे लिहिलं आहे. सहकाऱ्याने विचारलं, हे कशाला, एजंट याचं काय करणार? मी म्हटलं, काही नाही करणार कदाचित. पण ज्याची फाईल आहे तो माणूस त्याला विचारेल, "काय रे, हिचा मालक कसा बदलला?" तेव्हा उत्तर देता यायला त्याला ते माहीत तरी असायला हवं.